फिख्ते, शेलिंग, हेगेल: वाचायला कुठून आणि कशी सुरुवात करावी

हेगेल वाचायचं ठरवलं की बहुतेक जण त्याचं 'फेनोमेनोलॉजी ऑफ स्पिरिट' (पुढे नुसतं 'फेनोमेनोलॉजी') आणतात, पहिल्या पानापासून सुरू करतात आणि आठवडाभरात ते पुस्तक कपाटात जातं ते जातंच. यात वाचणाऱ्याच्या बुद्धीचा काही दोष नाही. 1807 साली निघालेल्या त्या पुस्तकाची लांबलचक प्रस्तावना हेगेलने अख्खं पुस्तक लिहून झाल्यावर, सगळ्यात शेवटी लिहिली. आत काय काय घडून गेलंय हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याशी ती बोलते. नवख्याला ती शेजारच्या घरातल्या भांडणासारखी वाटते. आवाज चढलेले ऐकू येतात, पण कोण कोणाचा आणि वाद कशावरून, याचा पत्ता लागत नाही.

म्हणून आधी वाद काय ते समजून घ्यायचं आणि मग माणसांकडे वळायचं. माणसं म्हणजे कांट आणि त्याच्यामागून आलेले फिख्ते, शेलिंग, हेगेल, चौघेही जर्मन तत्त्वज्ञ. काळ तसा लहान आहे: 1781 मध्ये कांटचं 'क्रिटीक ऑफ प्युअर रीझन' आलं आणि 14 नोव्हेंबर 1831 रोजी बर्लिनमध्ये हेगेल वारला. पन्नास वर्षं, आणि त्यातला बराचसा मामला जर्मनीतल्या येना नावाच्या छोट्या विद्यापीठाच्या गावात घडलेला. खाली दिलेला क्रम तत्त्वज्ञानात पदवी नसलेल्या, नोकरी-घर सांभाळून रोज अर्धा तास काढू शकणाऱ्या आणि इंग्रजी भाषांतरांतून वाचणाऱ्या माणसासाठी आहे.

आधी जवळ काय हवं

- कांटचं 'प्रोलेगोमेना' (1783). 'क्रिटीक' विकत घेण्याची घाई नको. त्यातली थोडीच पानं लागतील.
- 'फेनोमेनोलॉजी'चं परिच्छेद-क्रमांक असलेलं भाषांतर. मिलरचं (1977) किंवा पिंकार्डचं (2018) चालेल. बेलीचं 1910चं भाषांतर फुकट मिळतं, पण ते एकट्याने वाचू नका. भाषांतरकार जागोजागी स्वतःचं सांगत सुटतो.
- हेगेलच्या 'एन्सायक्लोपीडिया'तला तर्कशास्त्राचा भाग आणि 'फिलॉसॉफी ऑफ राइट' (कायदा, समाज आणि राज्य यांवरचं त्याचं पुस्तक).
- मूळ जर्मन मजकूर. जर्मन येत नसलं तरी ठेवा. वाचायचा नाहीच, फक्त एखादा शब्द नेमका कोणता आहे ते शोधायचं. स्वामित्वहक्क संपल्यामुळे तो इंटरनेटवर मोकळा आहे.
- दोनशे पानी वही. डाव्या पानावर परिच्छेदाचा क्रमांक आणि मराठीत दोन ओळींचा गोषवारा, उजवं पान कोरं. ते महिनाभराने भरायचं.
- नोंदी चाळायला मराठी विश्वकोश. फक्त शोधताना नावांची वेगवेगळी लेखनं टाकून पाहा: फिख्ते कुठे 'फिक्टे' असतो, कुठे 'फिश्टे', हेगेलचा 'हेगल' होतो.

1. पहिला दगड: 'आदर्शवाद' हा शब्द

इंग्रजीतल्या 'आयडियलिझम'ला मराठीत सर्रास 'आदर्शवाद' म्हणतात आणि इथेच पहिली ठेच लागते. मराठी माणसाच्या लेखी आदर्शवादी म्हणजे ध्येयवादी, साने गुरुजींच्या वाटेवरचा. या तत्त्वज्ञांचा विषय तो नाही. 'जे आहे ते आणि ते जाणणारं मन, यांचं नातं काय?' हा त्यांचा प्रश्न. जुन्या मराठी तत्त्वज्ञानग्रंथांतला 'चिद्वाद' हा शब्द त्यामुळे कितीतरी बरा. या लेखात तोच वापरला आहे.

पण चिद्वादालाही एक सापळा चिकटलेला आहे. 'जग फक्त मनात आहे, बाहेर काही नाही' असं या चौघांपैकी कोणीही म्हणत नाही. तसं ऐकलं असेल तर ते बाजूला ठेवूनच पुढे चला.

2. कांट: लागेल तेवढाच

कांटवर वर्षं घालवता येतात. इथे पाच आठवडे पुरेत. 'प्रोलेगोमेना' सलग वाचा आणि 'क्रिटीक'मधल्या तीन जागा: दुसऱ्या आवृत्तीची (1787) प्रस्तावना, त्याच आवृत्तीतलं कलम 16 आणि 'अँटिनॉमी'तला (बुद्धीचेच दोन दावे एकमेकांना भिडतात तो भाग) पहिला पेच. कांटचे संदर्भ 'ए' आणि 'बी' अशा अक्षरांनी देतात. ए म्हणजे पहिली आवृत्ती, बी म्हणजे दुसरी. त्यामुळे कोणतंही भाषांतर हातात असलं तरी बी 131 म्हटल्यावर समासात तोच आकडा सापडतो.

हाती लागायला हव्यात तीन गोष्टी.

पहिली: अनुभवाचा मालमसाला इंद्रियांकडून येतो, पण अवकाश, काळ आणि कार्यकारणासारखे साचे आपले असतात. साच्याविना आलेला माल आंधळा, मालाविना साचा पोकळ (ए 51/बी 75).

दुसरी: म्हणून आपण जाणतो ती 'दिसणारी वस्तू'. ती वस्तू आपल्याला वगळून, आपल्या आपण कशी आहे ते जाणता येत नाही. अशा, आपल्याला वगळून असलेल्या वस्तूला कांट 'डिंग आन झिश' म्हणतो. आपण तिला 'वस्तू-स्वतः' म्हणू.

तिसरी: माझ्या प्रत्येक कल्पनेसोबत 'मी विचार करतो' हे जोडता आलं पाहिजे (बी 131). हा 'मी' म्हणजे तुमचं-आमचं नाव-गाव-स्वभाव असलेलं व्यक्तिमत्त्व नव्हे. अनुभव एकत्र बांधणारी ती गाठ आहे. फिख्तेचं सगळं दुकान या एका गाठीवर उभं आहे, तेव्हा कलम 16 दोनदा वाचा.

3. बिजागरी: याकोबीचा टोमणा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग कांटनंतरची मंडळी एवढी अस्वस्थ का होती हेच कळत नाही. 1787 मध्ये याकोबी या त्याच काळातल्या जर्मन तत्त्वज्ञाने स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमवरच्या आपल्या पुस्तकाला एक परिशिष्ट जोडलं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: वस्तू-स्वतः गृहीत धरल्याशिवाय कांटच्या घरात शिरता येत नाही आणि ती गृहीत धरून त्या घरात राहता येत नाही.

का? वहीत कांटचीच दोन वाक्यं एकाखाली एक लिहा. 'वस्तू आपल्या इंद्रियांवर परिणाम करतात.' 'कार्यकारण हा साचा फक्त दिसणाऱ्या वस्तूंना लागू पडतो.' मग वस्तू-स्वतः इंद्रियांवर 'परिणाम' करते हे कशाच्या आधारावर म्हणायचं? परिणाम करणं हे कार्यकारणच झालं. या दोन वाक्यांमधल्या फटीत पुढची सगळी मंडळी काम करतात. फिख्ते वस्तू-स्वतः काढून टाकतो, शेलिंग निसर्गाकडे वळून ती फट बुजवू पाहतो आणि हेगेल म्हणतो की फट जाणण्याच्या बाहेर नाहीच, जाणण्याच्या आतच पडते आणि आतच भरते.

याच सुमारास राइनहोल्ड येनात कांट शिकवत होता आणि सगळं तत्त्वज्ञान एकाच मूळ विधानावर उभं राहिलं पाहिजे असा हट्ट त्याने धरला. त्यावर शुल्त्सेने 1792 मध्ये नाव न घालता हल्ला चढवला. हे दोन मुद्दे वहीत टिपून ठेवले की झालं. त्यांची पुस्तकं आत्ता वाचायची गरज नाही. सगळ्याला मिळून एक आठवडा.

4. फिख्ते: भिंतीचा प्रयोग

1792 मध्ये फिख्तेचं पहिलं पुस्तक लेखकाच्या नावाविना निघालं. लोकांना वाटलं कांटनेच लिहिलं. कांटने खुलासा केला आणि फिख्ते एका रात्रीत प्रसिद्ध झाला. 1794 मध्ये तो येनात प्राध्यापक झाला. 1799 मध्ये नास्तिकतेच्या आरोपावरून त्याला येना सोडावं लागलं आणि त्याच वर्षी कांटनेही त्याच्या मताशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं.

सापळा असा: फिख्तेचा म्हणून जो ग्रंथ लोक उघडतात तो 'विसेनशाफ्ट्सलेरे' (म्हणजे ज्ञानाचं शास्त्र, 1794-95) त्याने वर्गातल्या विद्यार्थ्यांना वाटायला छापून घेतला होता. समोर बसून ऐकणाऱ्याच्या हातात द्यायचे कागद आहेत ते. मास्तर नसताना ते वाचणं म्हणजे नुसत्या सरगमवरून बंदिश बसवणं. त्याऐवजी त्याच विषयाची 1797ची 'पहिली प्रस्तावना' घ्या. ती छोटी आहे आणि वाचकाशी सरळ बोलते. माणूस कोणतं तत्त्वज्ञान निवडतो हे तो माणूस कसा आहे यावर ठरतं, हे त्याचं प्रसिद्ध विधान तिथलंच.

वाचण्याआधी एक प्रयोग करा. फिख्ते वर्गात तो करवून घेत असे, अशी आठवण त्याचा श्रोता स्टेफन्स याने लिहून ठेवली आहे. समोरच्या भिंतीचा विचार करा. केला? आता त्या भिंतीचा विचार करणाऱ्याचा विचार करा. आणि आता या दुसऱ्याचा विचार कोण करतंय?

इथे दोन गोष्टी जाणवतात. भिंत 'सापडली', पण विचार करणारा 'सापडला' नाही. त्याच्याकडे वळण्याची क्रिया करावी लागली. आणि ती क्रिया थांबली की तोही उरत नाही. फिख्ते म्हणतो, 'मी' ही वस्तू नाहीच, ती कृती आहे. 'मी स्वतःला मांडतो.' भाषांतरांत इथे 'पॉझिट' येतं, मूळ शब्द 'सेट्सेन'. मराठीत 'प्रस्थापित करणे' असा जडजंबाल शब्द घालण्यापेक्षा 'मांडणे' पुरतो. डाव मांडतो, संसार मांडतो, मुद्दा मांडतो. या मांडण्यात करणारा आणि केलेलं दोन्ही आहेत.

मग 'मी'ला आडवं येणारं, 'मी-नव्हे' असं काहीतरी मांडलं जातं आणि दोघं एकमेकांना मर्यादा घालतात. थीसिस, अँटिथीसिस, सिंथेसिस (विधान, प्रतिविधान, समन्वय) हे शब्द इथले, फिख्तेचे आहेत. पुढे उपयोगी पडेल, लक्षात ठेवा.

तीन आठवड्यांत वेळ उरला तर 1796-97च्या त्याच्या कायद्यावरच्या ग्रंथातला दुसऱ्या माणसाविषयीचा भाग बघा. दुसऱ्या कोणीतरी मला मोकळा माणूस समजून हाक दिल्याशिवाय मला माझं मोकळेपण कळत नाही, असा युक्तिवाद आहे. हेगेलचे धनी आणि गडी, जे पुढे भाग 6 मध्ये भेटतील, याच घरून निघाले.

5. शेलिंग: आत्ता थोडंच

शेलिंगचं अवघड असं की तो एका जागी थांबत नाही. ट्यूबिंगनच्या धर्मशिक्षणाच्या वसतिगृहात हेगेल आणि कवी होल्डरलीन यांच्यासोबत तो एका खोलीत राहिला. त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान, पण हेगेलच्या आधी छापून आला तो. 1797 मध्ये निसर्गावर, 1800 मध्ये 'सिस्टिम ऑफ ट्रान्सेंडेंटल आयडियलिझम', 1809 मध्ये मानवी स्वातंत्र्यावरचा निबंध. आणि दर वेळी पाया वेगळा.

नवख्याने 1800च्या ग्रंथाची सुरुवात आणि अगदी शेवटचा, कलेवरचा भाग वाचावा. निसर्ग म्हणजे अजून जागं न झालेलं मन आणि कलाकृतीत जाणतं आणि अजाणतं एकत्र येतं, एवढा धागा हाताला लागला की पुढे निघा. 1809चा निबंध पहिल्या वर्षात उघडू नका. तो शेलिंगचा सर्वांत खोल मजकूर आहे असं माझं मत आहे, पण पाठीशी हेगेल नसेल तर तो नुसता गूढ वाटतो.

एक गोष्ट टिपून ठेवा. 'फेनोमेनोलॉजी'च्या प्रस्तावनेत, परिच्छेद 16 मध्ये, हेगेल अशा केवलतत्त्वाची ('ॲब्सोल्यूट', सगळ्याच्या मुळाशी असलेलं एकच तत्त्व) थट्टा करतो ज्यात सगळे भेद विरघळून जातात: अंधाऱ्या रात्री सगळ्याच गायी काळ्या. रोख शेलिंगच्या अनुयायांवर आहे असं हेगेलने त्याला कळवलं, पण शेलिंगला ते पटलं नाही आणि जुनी मैत्री संपली.

6. हेगेल: या क्रमाने

बारा आठवडे. क्रम असा:

- 'एन्सायक्लोपीडिया', कलमं 79 ते 82. चारच कलमं, पण पद्धत काय ते हेगेलने स्वतःच्या हाताने इथे सांगितलं आहे.
- 'फेनोमेनोलॉजी'चा उपोद्घात: परिच्छेद 73 ते 89. हा प्रस्तावनेहून वेगळा. प्रस्तावना 1 ते 72, ती सध्या बंद.
- 'इंद्रियनिश्चिती': 90 ते 110.
- आत्मभान आणि धनी-गडी: 166 ते 196.
- 'फिलॉसॉफी ऑफ राइट'ची प्रस्तावना आणि नागरी समाजाचा भाग, कलमं 182 ते 256.

'फेनोमेनोलॉजी'चे हे आकडे भाषांतरकारांनी घातलेले आहेत. 'एन्सायक्लोपीडिया' आणि 'राइट'मधली कलमं मात्र हेगेलची स्वतःची.

एका बैठकीत एकच परिच्छेद घ्या आणि त्याला तीन प्रश्न विचारा. इथे कोण, काय दावा करतंय? तो दावा त्याच्याच अटीवर कुठे मोडतो? मोडल्यावर हाती काय उरलं? तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असं आलं, तर परिच्छेद चुकीचा वाचला गेला आहे.

नमुना म्हणून परिच्छेद 95 घेऊ. दावा करणारा म्हणतो: सगळ्यात खात्रीचं ज्ञान म्हणजे समोर जे आहे ते, त्यात काही मिसळायचं नाही, नाव द्यायचं नाही. हेगेल विचारतो, 'आता' म्हणजे काय? उत्तर: 'आता रात्र आहे.' ठीक, हे सत्य लिहून ठेवू. लिहिल्याने सत्य काही बिघडत नाही. तुम्हीही खरोखर वहीत लिहा, रात्री दहा वाजता: 'आता रात्र आहे.' दुसऱ्या दिवशी दुपारी वही उघडा. वाक्य शिळं झालेलं असतं.

दावा कशामुळे मोडला ते बघा. बाहेरून कोणी खंडन केलेलं नाही. 'जसं आहे तसं, जपून ठेवता येईल असं' ही अट त्याचीच होती आणि तीच पाळता आली नाही. उरलं काय? 'आता' हा शब्द उरला. तो रात्रीलाही लागतो, दुपारलाही लागतो आणि दोहोंपैकी एकही नाही. म्हणजे ज्याला आपण अगदी नेमकं समजत होतो ते निघालं सर्वांत सामान्य. पुढचा अध्याय या उरलेल्या मालावर सुरू होतो. ही एक हालचाल हातात बसली की 'फेनोमेनोलॉजी'चा निम्मा धाक जातो.

याच जागी सर्वांत महागात पडणारी चूक होते. या पुस्तकात हेगेल फार क्वचित स्वतःच्या तोंडाने बोलतो. बहुतेक वाक्यं त्या-त्या टप्प्यावरच्या जाणिवेची असतात, आणि ती पुढच्या पानावर खोटी ठरायची असतात. त्यातलं एखादं उचलून 'हेगेल म्हणतो' असं लिहिलं की झालाच घोटाळा. नाटकातल्या खलनायकाचं वाक्य नाटककाराच्या नावावर घालण्यासारखं आहे ते. 'आपल्यासाठी' आणि 'तिच्यासाठी' असे शब्द येतील तिथे पेन्सिलने खूण करा. 'आपल्यासाठी' म्हणजे प्रेक्षकांत बसून बघणाऱ्यांसाठी.

धनी-गड्याचा भाग मराठीत 'मालक-गुलाम' म्हणून फिरतो. मूळ शब्द 'क्नेख्ट', म्हणजे गडी, चाकर. तपशील असा: दोन आत्मभानं एकमेकांकडून मान्यता मिळवायला जिवावर उदार होऊन झुंजतात. एकाला मृत्यूचं भय वाटतं, तो नमतो. जिंकणारा धनी होतो, पण त्याला मान्यता देणारा असा आहे की ज्याला तो स्वतः माणसात धरत नाही. ती मान्यता त्याच्या काय कामाची? आणि गडी मात्र राबतो, वस्तूला आकार देतो आणि त्या आकारात त्याला स्वतःचं काहीतरी दिसू लागतं (परिच्छेद 195-196). गडी उठाव करतो असं इथे कुठेही लिहिलेलं नाही. ते नंतरच्या वाचकांनी घातलं.

7. 'आउफहेबेन' आणि तीन पायऱ्यांची शिडी

हा शब्द टाळता येत नाही. जर्मनमध्ये 'आउफहेबेन' म्हणजे उचलणं, रद्द करणं आणि जपून ठेवणं, तिन्ही. हेगेल 'सायन्स ऑफ लॉजिक'च्या पहिल्याच अध्यायाच्या शेवटी त्यावर टिपण लिहितो. तिथे रोमच्या सिसेरोची कोटीही देतो: लॅटिन 'तोलेरे'चा अर्थ वर चढवणं आणि काटा काढणं, दोन्ही. आपलं 'उचलणं' त्याच्या जवळ जातं, कडेवर उचलणारा आणि खिशातलं उचलणारा दोघेही मराठीत 'उचलतात'च. पण जपून ठेवण्याचा अर्थ त्यात नाही.

सराफाकडची मोड हे जास्त जवळचं उदाहरण. जुन्या पाटल्या मोडून नवा दागिना घडवला. पाटल्यांचा आकार गेला, सोनं राहिलं, घडण वर गेली. तरी हेही लंगडं आहे, कारण पाटल्या सराफ मोडतो. हेगेलकडे वस्तू स्वतःच्या आतल्या ताणाने मोडते, बाहेरचा हातोडा नसतो. म्हणून शब्द भाषांतरित करायचा नाद सोडा, मूळ शब्दच वापरा.

आता शिडी. 'थीसिस, अँटिथीसिस, सिंथेसिस ही हेगेलची पद्धत' हे वाक्य गाइडांतून आणि भाषणांतून इतकं फिरलंय की खरंच वाटतं. हेगेल स्वतःच्या पद्धतीला हे नाव देत नाही. शाल्यबेउस नावाच्या प्राध्यापकाने 1837च्या सुमाराला हेगेल असा समजावून सांगितला आणि ते चिकटलं. उलट 'फेनोमेनोलॉजी'च्या परिच्छेद 50 मध्ये हेगेल तिपेडी साच्याचा निर्जीव वापर करणाऱ्यांना झोडपतो. मराठीत 'विरोधविकास' हा शब्द आहे, तो या शिडीपेक्षा शंभर पटीने बरा. विरोध आणि विकास, एवढंच. पायऱ्या मोजायच्या नाहीत.

दुसरं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य: 'जे आहे ते सगळं विवेकाला धरूनच आहे.' 'फिलॉसॉफी ऑफ राइट'च्या प्रस्तावनेतलं मूळ वाक्य वेगळं आहे. तिथे 'विर्कलिश' (साधारण 'प्रत्यक्षात उतरलेलं') हा शब्द आहे आणि हेगेलच्या परिभाषेत जे जे अस्तित्वात आहे ते सगळं 'विर्कलिश' नसतं. आपलं रूप पूर्णत्वाला नेणाऱ्यालाच तो शब्द लागतो. टीका झाल्यावर त्याने 'एन्सायक्लोपीडिया'च्या कलम 6 मध्ये हे उलगडून सांगितलं. हे वाक्य कुठे वापरायचं असेल तर कलम 6 वाचल्याशिवाय वापरू नका. सरकारी यंत्रणा जशी आहे तशी योग्यच, असा अर्थ काढणाऱ्याला त्याच पुस्तकातलं कलम 244 दाखवा. समाज श्रीमंत होत असताना कंगालांचा जमाव कसा तयार होतो, याचं वर्णन तिथे आहे आणि हेगेलकडे त्यावर उपाय नाही.

तिसरी सूचना छापील पुस्तकाबद्दल. कलमांखाली 'पुरवणी' म्हणून येणारा मजकूर हेगेलच्या लेखणीचा नाही. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी वर्गातल्या वह्यांवरून तो जोडला. इतिहासाच्या तत्त्वज्ञानावरचं लोकप्रिय पुस्तकही असंच, 1837 मध्ये, व्याख्यानांवरून बांधलेलं. समजायला सोपं म्हणून खुशाल वाचा, शब्दाला शब्द लावून वाद मात्र त्यावरून घालू नका.

8. 'हे तर आपलं ब्रह्मच!'

मराठी वाचकाचा खास सापळा. हेगेलचं केवलतत्त्व वाचताना ज्ञानेश्वरी कानावरून गेलेल्या माणसाला हटकून वाटतं की हे तर आपलंच. थांबा.

हेगेलने भारतीय मजकूर वाचलेला होता, अर्थात भाषांतरांतून. जर्मन भाषापंडित विल्हेल्म फॉन हुंबोल्टने भगवद्गीतेवर दिलेल्या व्याख्यानांचं लांबलचक परीक्षण त्याने 1827 मध्ये लिहिलं. 'सायन्स ऑफ लॉजिक'मध्ये तर तो नाकाच्या शेंड्याकडे बघत 'ॐ ॐ' म्हणणाऱ्याचं उदाहरण देतो आणि म्हणतो, याला जे ब्रह्म म्हणतात ते म्हणजे माझं पहिलं पाऊल: नुसतं, रिकामं 'असणं', ज्याच्यात आणि 'नसण्या'त फरक सांगता येत नाही. म्हणजे तुम्ही ज्याला हेगेलचा शेवट समजता, त्याला तो स्वतः आपली सुरुवात, तीही सर्वांत दरिद्री सुरुवात, मानतो. त्याचं आकलन अन्यायाचं होतं असं म्हणायला भरपूर जागा आहे आणि ते म्हणायलाही हवं. पण तो भेद करतोय हे नजरेआड करून दोघांना एका पाटावर बसवलं तर हेगेलही निसटतो आणि वेदान्तही.

तुलना नीट करायची असेल तर अमळनेरकडे बघा. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये उभारलेल्या तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरातून कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' 1930 मध्ये निघालं. कांट आणि अद्वैत दोन्ही पचवून तिसरंच काही म्हणणारा माणूस कसा लिहितो ते त्यात दिसतं. पुस्तक बारीक आहे, भाषा मात्र दगडासारखी.

9. पुढचा प्रवाह: एकच फाटा धरा

शेवटचे तीन आठवडे प्रभावासाठी. सगळे फाटे एकदम धरले तर नावांची यादी तेवढी पाठ होते. एक निवडा.

*मार्क्सचा फाटा.* 1835 मध्ये श्ट्राउसने येशूच्या चरित्राला आणि 1841 मध्ये फॉयरबाखने ख्रिस्ती धर्मालाच हेगेलची हत्यारं लावली. मार्क्सने 1843 मध्ये 'फिलॉसॉफी ऑफ राइट'च्या राज्यसंस्थेवरच्या कलमांची ओळीओळीने चिरफाड केली. इथे 1844ची हस्तलिखितं वाचा, विशेषतः परात्मभावाचा (माणूस आपल्याच श्रमाला परका होतो, त्याचा) भाग. ती छापली गेली थेट 1932 मध्ये. हेगेल डोक्यावर उभा आहे, त्याला सुलट केला पाहिजे, हे मार्क्सचं म्हणणं 'कॅपिटल'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या 1873च्या उपसंहारात आहे.

*विरोधकांचा फाटा.* 1841 मध्ये म्हातारा शेलिंग बर्लिनला हेगेलचं भूत उतरवायला आला, तेव्हा ऐकायला एंगल्स, बाकुनिन आणि किर्केगार्ड तिघेही होते. त्यातला किर्केगार्ड, हा डॅनिश तत्त्वज्ञ, घ्या. इंग्लंडमध्ये रसेल आणि मूर यांनीही तारुण्यातला चिद्वाद झटकूनच आपला रस्ता काढला.

*फ्रेंच फाटा.* 1933 ते 1939 कोजेव्ह या तत्त्वज्ञाने पॅरिसमध्ये 'फेनोमेनोलॉजी'वर व्याख्यानं दिली. धनी-गडी एवढे प्रसिद्ध झाले ते त्याच्यामुळे. वाचायला झकास, पण त्यात कोजेव्ह किती आणि हेगेल किती हे 178 ते 196 समोर उघडे ठेवूनच ठरवा. फॅनननेही 1952 मध्ये वसाहतीतल्या काळ्या माणसासाठी हा प्रसंग तपासला आणि तो तसाच लागू पडत नाही हे दाखवलं.

*आपल्याकडचा फाटा.* दोन पक्के दुवे आहेत. ऑक्सफर्डचा टी. एच. ग्रीन हा कांट-हेगेलच्या परंपरेतला. त्याचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) जागोजागी हाताशी घेतला आहे. 'गीतारहस्य' घरात असेलच, तर कर्मजिज्ञासेपासूनची प्रकरणं आता पुन्हा चाळा. तळटीपांतली नावं ओळखीची वाटतील. दुसरा दुवा कोलंबिया विद्यापीठातला. जॉन ड्यूई तरुणपणी हेगेलवादी होता आणि हेगेलचा गाळ आपल्या विचारांत कायमचा बसला आहे असं त्याने 1930 मध्ये स्वतः लिहिलं. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात त्याच्याकडे शिकले. यावरून बाबासाहेबांना हेगेलवादी ठरवणं हास्यास्पद होईल. पण समाज ही एकमेकांत गुंतलेली, वाढती गोष्ट आहे हा ड्यूईचा विचार कुठून आला, हे शोधायला ही वाट चांगली.

10. वेळ आणि अडकणं

हिशेब असा: कांट 5 आठवडे, याकोबी 1, फिख्ते 3, शेलिंग 2, हेगेल 12, प्रभाव 3. एकूण 26.

अडकाल ते बहुधा परिच्छेद 132 ते 165मध्ये, 'बल आणि आकलन' या भागात, जर कुतूहलापोटी तिथे शिरलात तर. म्हणूनच तो वरच्या यादीत नाही. इतरत्र अडकलात तर आधी दुसरं भाषांतर उघडा. 'बेग्रिफ'ला जुने लोक 'नोशन' म्हणतात, नवे 'कन्सेप्ट'. 'गाइस्ट' बेलीकडे 'माइंड' असतं, मिलरकडे 'स्पिरिट'. निम्म्या वेळा गाठ विचारात नसते, शब्दात असते. तरीही सुटलं नाही तर वहीत प्रश्नचिन्ह काढा, पान क्रमांक लिहा आणि पुढे जा. दोन दिवसांपेक्षा जास्त एका परिच्छेदावर बसू नका. दोघं-तिघं मिळून वाचत असाल तर आठवड्याला एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पुस्तक मिटून मराठीत सांगायचं. इंग्रजी शब्द न वापरता सांगता आलं नाही, तर तो परिच्छेद पुढच्या आठवड्यालाही तोच.

सव्विसाव्या आठवड्यानंतर वहीची कोरी ठेवलेली उजवी पानं भरून घ्या आणि 'फेनोमेनोलॉजी'ची प्रस्तावना उघडा. हवं तर परिच्छेद 16 पासूनच सुरू करा. त्या काळ्या गायी कोणाच्या, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.